कर्ज फिटले, पण नोंद फिटली का?

"तुमचे सिबिल बसत नाही." बँकेतल्या टेबलापलीकडून एवढे एकच वाक्य येते आणि मुलीचे शिक्षण, दुकानाचे भांडवल किंवा घराचा स्लॅब तिथेच अडकतो. सातारा-सांगली पट्ट्यात हे वाक्य ऐकून परत आलेली घरे कमी नाहीत. पुढे दुसरी बँक, मग पतसंस्था, मग खासगी सावकार अशा पायऱ्या उतरणे सुरू होते. ज्या कागदामुळे नकार मिळाला, तो कागद मात्र घरात कोणी पाहिलेलाच नसतो. आमचे म्हणणे असे, की आधी तो कागद मागवा.

सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. अशा चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेची त्यांच्यावर देखरेख असते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे 'सिबिल काढून देतो' म्हणून पाचशे-हजार रुपये घेणाऱ्याची गरज नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल क्रमांक देऊन घरचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी ते काम करू शकते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. ज्यांनी कधी कर्जच घेतले नाही, त्यांच्या बाबतीत गुणांऐवजी 'इतिहास नाही' असा शेरा दिसतो. तो डाग नव्हे.

गुणांच्या आकड्यावर अडकू नका, आतली पाने वाचा. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते असतात. आपल्या घरांचा घोळ पुष्कळदा इथेच सुरू होतो. एकाच गावात शेख, मुल्ला, बागवान, तांबोळी आडनावाचे, एकाच नावाचे तीन-चार जण असतात. शिवाय एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहमद, तिसऱ्यावर नुसतेच एमडी. अशा वेळी दुसऱ्याचे थकलेले कर्ज आपल्या नावावर चिकटू शकते. आपले नसलेले खाते दिसले, तर त्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

यानंतर एकेक कर्जखाते येते. प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस उशिरा भरला, तो आकडा असतो. तीन शून्ये म्हणजे वेळेवर. सांगलीकरांनी इथे २०१९ आणि २०२० ही दोन वर्षे मुद्दाम तपासावीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. दुकानातला माल गेला, हप्ते थांबले, आणि सावरायच्या आत मार्च २०२० ची टाळेबंदी आली. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. ज्यांना ती मिळाली, त्यांचे ते हप्ते थकीत दाखवायचे नव्हते. तरी दाखवले असतील, तर तक्रार करता येते. या कंपन्या किमान सात वर्षांची माहिती ठेवतात, त्यामुळे त्या काळातल्या नोंदी अजूनही आड येऊ शकतात.

सर्वांत मोठा गैरसमज दोन शब्दांचा आहे. पहिला 'राइट-ऑफ'. बँकेने कर्ज राइट-ऑफ केले म्हणजे माफ केले, असे लोक धरून चालतात. बँकेने ते फक्त आपल्या ताळेबंदातून काढलेले असते. वसुलीचा हक्क तसाच राहतो. दुसरा शब्द 'सेटल्ड'. समजा दीड लाख थकले होते आणि बँकेने तडजोड करून नव्वद हजारांवर मिटवले. बँक गप्प बसते, पण अहवालात 'सेटल्ड' लागते आणि पुढचा कर्ज देणारा तेच वाचतो, की या माणसाने साठ हजार बुडवले. ऐपत खरोखर नसेल आणि देणाऱ्याने खुशीने सूट दिली, तर ती घेण्यात गुन्हा नाही. तंगीत असलेल्याला मुदत द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले, हे सूरह अल्-बकरामध्येच आले आहे. पण ऐपत असूनही टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. 'तीन वर्षे गप्प बसा, मुदत संपते' असा सल्ला देणारे दलाल भेटतात, त्यांचे ऐकू नये. मुदतीने दावा अडतो, देणे संपत नाही.

जुने कर्ज फेडायचे ठरले, की आधी ते आज कोणाकडे आहे ते पाहा. बँका थकलेली कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, आणि अहवालात अनोळखी नाव दिसते. वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका. रक्कम लेखी मागा, कर्जखात्यात भरा, पावती घ्या, आणि शेवटी बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका. घर किंवा जमीन तारण असेल, तर पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे बंधन बँकांवर डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये. सोसायटीचे पीककर्ज असेल, तर सातबाऱ्यावरचा बोजाही कमी करून घ्या. पैसे भरून दहा वर्षे झाली आणि वाटणीच्या वेळी बोजा निघाला, असे नको.

बँकच बंद पडली तर? डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेवीदारांना विम्यातून पाच लाखांपर्यंत मिळतात, आणि चर्चाही ठेवींचीच होते. कर्जदाराचे देणे मात्र माफ होत नाही. ते अवसायकाकडे भरायचे असते आणि बेबाकी दाखलाही त्याच्याकडूनच घ्यायचा असतो.

आता जामीनदार. आपल्याकडे लिहाजापोटी सही केली जाते: साडू आहे, चुलत भाऊ आहे, नाही कसे म्हणायचे? करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकारी बँक किंवा पतसंस्था कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून थेट जामीनदारावर येऊ शकते. एसटीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी असेल, तर पगारातून कपात सुरू होते. अहवालातही ते कर्ज 'जामीनदार' म्हणून दिसते. म्हणून घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने आपण कोणाकोणाला जामीन आहोत, याची यादी बायकोला सांगून ठेवावी. जामीन राहणे ही साधी गोष्ट नाही, हे सहीह बुखारीतल्या हदीसवरून कळते: तीन दीनार कर्ज मागे ठेवून गेलेल्या माणसाची जनाजाची नमाज प्रेषितांनी (स.) पढवली नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच पढवली.

बायकांच्या नावावरच्या गटकर्जाचेही तसेच. पैसे नवऱ्याच्या गाड्याला किंवा दिराच्या रिक्षाला लागतात, पण अहवाल तिचा खराब होतो. तिचा अहवाल वेगळा मागवा आणि फेडीत तिचे कर्ज आधी घ्या.

आणि फेडायला काहीच नसेल, तर जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे मशिदीच्या कमिटीने विसरू नये. रक्कम त्याच्या हाती देण्यापेक्षा, त्याला विचारून, थेट कर्जखात्यात भरावी.

बँका आता निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवतात. शेवटचा हप्ता भरून महिना झाला, की अहवाल पुन्हा मागवा. खात्यासमोर 'क्लोज्ड' दिसले नाही, तर बेबाकी दाखल्याची झेरॉक्स जोडून तक्रार टाका. मूळ प्रत घरीच ठेवा.