झटका झेलणारे चाक

फ्लायव्हील म्हणजे गतीच्या रूपात ऊर्जा साठवणारे जड चाक. पनवेलशेजारच्या तळोजा एमआयडीसीसारख्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसच्या अंगाला ते बसवलेले दिसते. लहानशी मोटर त्याला हळूहळू वेग देते. क्लच पडला की साठलेली ऊर्जा क्षणात पत्र्यावर उतरते, भोक पडते आणि मोटर चाकाची घटलेली गती पुन्हा भरून काढू लागते. एरवी त्या एका ठोक्यासाठी कितीतरी मोठी मोटर लागली असती.

वीज साठवायच्या फ्लायव्हीलला जोडलेली मोटर दुहेरी काम करते: जादा वीज असताना चाक फिरवते, तुटवडा पडला की त्याच चाकाच्या जोरावर जनरेटर बनते. साठ्यात वजनापेक्षा वेगाला महत्त्व जास्त, कारण वेग दुप्पट झाला की साठा चौपट होतो. म्हणून नवी चाके कार्बन तंतूंची असतात आणि निर्वात पेटीत, चुंबकीय बेअरिंगवर, मिनिटाला 16,000 फेऱ्यांपर्यंत फिरतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफनटाउन येथे 2011 साली अशी 200 चाके बसवली गेली. त्यांची एकत्रित क्षमता 20 मेगावॉट, पण तीही जेमतेम 15 मिनिटांपुरती. एका चाकाचा साठा सुमारे 25 युनिट. शिवाय वापर नसला तरी गती थोडी थोडी गळतच राहते.

मग याचा उपयोग काय? छोट्या ग्रीडचे दुखणे बहुधा सेकंदांचे असते. मोठा भार अचानक आला की जनरेटर मंदावतात आणि 50 किंवा 60 हर्ट्झची वारंवारता घसरते. भारताच्या राष्ट्रीय ग्रीडवर एवढे अवजड रोटर एकाच वेळी फिरत असतात की न्हावा-शेवा बंदरातल्या क्रेनने कंटेनर उचलला तरी काही जाणवत नाही. अलास्कातल्या कोडियाक बेटाची गोष्ट वेगळी. तिथली वीज जल आणि पवन ऊर्जेची. त्यात बंदरावर मोठी विजेवरची क्रेन येणार म्हटल्यावर प्रत्येक उचलीचा झटका ग्रीडला सोसवणार नाही असे दिसले. म्हणून 2015 मध्ये एक-एक मेगावॉटची दोन फ्लायव्हील बसवली. क्रेनचा झटका ती झेलतात आणि वाऱ्याचे चढउतारही सावरतात.

पनवेल-उरण परिसरात असे एकाकी ग्रीड होते ते घारापुरी बेटावर. 2018 पर्यंत तिथे डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच वीज मिळे. त्या वर्षी फेब्रुवारीत समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल पोहोचली आणि घारापुरी राज्याच्या ग्रीडला जोडली गेली. केबल टाकता येण्याजोगे अंतर असेल तिथे हाच शहाणपणाचा मार्ग.

तासन्‌तास पुरणाऱ्या साठ्यासाठी फ्लायव्हीलकडे पाहणेच चूक. ते काम बॅटरीचे किंवा पाण्याचे. रायगड जिल्ह्यातच टाटा पॉवरच्या भिरा केंद्रात पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणारा 150 मेगावॉटचा संच आहे. केबल पोहोचत नाही आणि भार झटके देतो, अशा बेटावर मात्र फ्लायव्हीलचा खर्च सार्थ ठरतो.