तांड्याने जपलेली गोरबोली

परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात गावापासून जरा फटकून वसलेले तांडे दिसतात. शाळेत, बाजारात, तहसील कचेरीत मराठी बोलणारा इथला माणूस तांड्यात शिरला की गोरबोलीत बोलू लागतो. बंजारा समाजाची ही बोली राजस्थानी भाषांच्या जवळची. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात 1907 सालीच तिची स्वतंत्र नोंद झाली. राजस्थानापासून इतक्या दूर, मराठी, तेलुगू आणि कन्नडच्या वेढ्यात ती टिकली कशी?

लिपीने टिकवली म्हणावे, तर तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. राजाश्रयही नव्हता. आणि राजाश्रय तरी कितपत कामी येतो? तुंगुस भाषाकुळातल्या मांचूंनी 1644 ते 1912 चीनवर राज्य केले. आज मांचू म्हणवणारे एक कोटीच्या घरात आहेत, पण मांचू ही मातृभाषा असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. उलट त्यांचेच भाऊबंद शिबे. त्यांना 1764 मध्ये पार पश्चिमेला, इलीच्या खोऱ्यात सरहद्द राखायला धाडले. तिथे ते वेगळ्या वस्त्या करून राहिले आणि मांचूशी अगदी जवळची त्यांची बोली आजही ऐकू येते.

गोरबोलीचे इंगित मला तांड्याच्या अशाच वेगळेपणात दिसते. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. मुघलांच्या दख्खन मोहिमांना रसद त्यांनीच पुरवली. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेलाही. दाणागोटा त्यांच्या हाती असल्याने लढणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यांची गरज भासे. व्यवहार सगळ्या जगाशी, पण मुक्काम गावाबाहेर. नायक आणि कारभारी तांड्याचा कारभार पाहत, भांडणतंटे तिथेच मिटवत. लग्नसंबंध समाजातच, गोत्र टाळून. होळीची लेंगी गीते आणि नवरीचा ढावलो गोरबोलीतच गायचा. बोलीला घर मिळाले ते असे.

पुढे रेल्वे आली. मनमाड-हैदराबाद मार्ग 1900च्या सुमारास परभणीतून गेला आणि बैलांवरची वाहतूक उरलीसुरली संपली. ब्रिटिश मुलखात 1871च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्काही बसला. तो पुसायला 1952 साल उजाडले. याच समाजातले वसंतराव नाईक 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, 1972 मध्ये, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ओळखीचा गुंता मात्र सुटलेला नाही. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती. मराठवाडा आणि तेलंगण 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणून इथल्या तांड्यांची अनुसूचित जमातीची मागणी त्या राज्याच्या जुन्या नोंदींचा आधार घेते. भाषेच्या खात्यातही तोच घोळ. 2011च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी या नावाने गोरबोली बोलणारे 32 लाखांहून अधिक भरले. बंजारी म्हणून नोंदवलेले आणखी वेगळे. दोन्ही आकडे हिंदीच्या बेरजेत धरले आहेत.