प्लग सांगतो इंजिनाची तब्येत

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी जपून वापरलेल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. कार्ब्युरेटरची अशी जुनी गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, की आधी तिचे तीन स्पार्क प्लग पाहावेत. इंजिन थंड असू द्यावे आणि एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर चिंता नको. कोरडी काजळी दिसली, तर एअर फिल्टर तुंबला आहे का, पेट्रोल जास्त जाते आहे का, ते पाहावे. टोक तेलकट काळे असणे मात्र वाईट. इंजिनाच्या रिंगा झिजल्याची ती खूण असू शकते, आणि हे दुखणे नव्या प्लगने जात नाही. नवा प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत. हेड ॲल्युमिनियमचे असते. घाईने पाना लावून आटे गेले, तर एवढ्याशा कामापायी हेड उतरवायची पाळी येते.