छिन्नमानसातील मस्तिष्क-तरंग व विचारप्रक्रिया

विचार, भावना, संवेदन व वर्तन यांतील सुसंगती ढळणारी तीव्र मनोविकृती म्हणजे छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया). ही संज्ञा स्विस मनोविकारवैद्य ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये सुचविली. कल्पनांना परस्परांशी जोडणारे साहचर्य शिथिल होणे, हे त्यांनी तिचे मूलभूत लक्षण मानले. संभ्रम आणि नसलेले आवाज ऐकू येणे ही इतर ठळक लक्षणे होत.

जर्मन मनोविकारवैद्य हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये येना येथे मानवी मेंदूच्या विद्युत्‌ क्रियेचा आलेख प्रथम मिळविला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. या तरंगांचे दर सेकंदातील आवर्तनांनुसार डेल्टा (४ पेक्षा कमी), थीटा (४–८), आल्फा (८–१३), बीटा (१३–३०) व गॅमा (३० पेक्षा अधिक) असे प्रकार पाडतात.

छिन्नमानसाच्या रुग्णसमूहांत विश्रांतीच्या वेळी मंद तरंगांचे प्रमाण सरासरीने अधिक आढळते. एकसारख्या ध्वनींच्या मालिकेत वेगळा ध्वनी ओळखताना सु. ३०० मिलिसेकंदांनी उमटणारा तरंग त्यांच्यात लहान असतो. सेकंदाला ४० वेळा होणाऱ्या टिकटिकीशी गॅमा तरंगांचा मेळही कमी बसतो. स्वतः बोलताना निरोगी मेंदू स्वतःच्या आवाजास मिळणारा प्रतिसाद मंदावतो. रुग्णांत हे मंदावणे अपुरे असते. त्यामुळे स्वतःचेच अंतर्गत बोलणे परके वाटून आवाजांचा भास होत असावा, अशी एक उपपत्ती आहे.

तथापि हे फरक सरासरीचे असून इतर विकारांतही दिसतात. आलेखावरून कोणाचे विचार वाचता येत नाहीत, किंवा केवळ त्यावरून रोगनिदानही होत नाही. अपस्मारासारखी कारणे वगळण्यास मात्र तो उपयोगी पडतो. निदान मुख्यतः रुग्णाशी त्याच्या भाषेतील संभाषणावर व नातेवाइकांनी दिलेल्या माहितीवर अवलंबून असते.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे, म्हणजे परभणीपासून दूर आहेत. उपचार जिल्हा पातळीवर आणणारा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. आवाज ऐकू येणे ही बाहेरची बाधा किंवा भानामती समजली गेल्यास उपचार लांबतात, आणि विलंब जितका अधिक तितकी सुधारणा कठीण होते. नियमित औषधे व कुटुंबाचा आधार मिळाल्यास अनेक रुग्ण पुन्हा कामकाज करू शकतात.