उपाशी राहा, पण गोळीचे विचारून घ्या



सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात आमचे काम चालते. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका कोरकू मावशींना ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात भरती केले. रात्री सिस्टरांनी बजावले, "उद्या ऑपरेशन आहे, आता तोंडात काही घालायचे नाही." मावशींनी ते अक्षरशः पाळले. फिट येऊ नये म्हणून त्या रोज दोन वेळा गोळी घेत. तीही रात्री व पहाटे घेतली नाही. सकाळी त्यांना फिट आली आणि ऑपरेशन पुढे ढकलावे लागले. त्यांची गोळी चालू आहे हे मला ठाऊक होते, पण मी सिस्टरांना सांगितले नव्हते. चूक माझीच.

उपाशी का ठेवतात? भूल दिल्यावर गिळण्याची व खोकण्याची ताकद मंदावते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जिवाला धोका असतो. साधारण नियम असा: जड जेवण ८ तास आधी, हलका आहार किंवा दूध ६ तास आधी, अंगावरचे दूध ४ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी बंद. मात्र आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळावी.

आपल्याकडे उपास म्हटला की चहा, केळी, साबुदाणा चालतो. ऑपरेशनच्या उपाशीपणात यातले काहीच चालत नाही. तंबाखूसुद्धा नाही.

गोळ्यांचे मात्र वेगळे आहे. फिटची, थायरॉईडची आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. रक्तदाबाच्याच दुसऱ्या काही गोळ्या त्या दिवशी थांबवतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखे घेतले आणि पोट रिकामे असले, तर साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल तर काही दिवस आधीच विचारावे लागते. म्हणून आपल्या मनाने गोळी घेऊ नये आणि बंदही करू नये.

सिकलसेलच्या रुग्णाची काळजी आणखी निराळी. अंगातले पाणी कमी झाले की त्याचे दुखणे उसळू शकते. त्याचा आजार आधी सांगितला, तर उपाशी असताना सलाईन लावता येते.

आता आम्ही रुग्णाला नेताना त्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घेतो. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही, न लाजता. पिशवी सिस्टरांसमोर ठेवून एकेक पाकीट दाखवतो आणि विचारतो, "ही उद्या सकाळी द्यायची का? पाणी किती?" उत्तर पाकिटावर लिहून घेतो. वाचता न येणाऱ्यांसाठी द्यायच्या गोळीवर सूर्य काढतो, थांबवायच्या गोळीवर फुली.

मावशींचे ऑपरेशन पुढे नीट झाले. त्या सकाळी सूर्याची गोळी त्यांनी स्वतःच मागून घेतली.