एमआरआयमधील शिरा आणि रक्ताची घडण

मुंबईतील परळमध्ये, सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जो दुर्मीळ रक्तगट जगापुढे मांडला, त्याला या शहराचेच नाव मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर 'एच' हे प्रतिजन नसणे हे या 'बॉम्बे रक्तगटा'चे लक्षण असून रक्त चढवताना ते जीवनमरणाचे ठरते. मेंदूच्या एमआरआयमध्ये मात्र रक्तगटाची कोणतीही खूण उमटत नाही. तेथे महत्त्व असते ते पेशींच्या आतील हिमोग्लोबिनला आणि त्यातील लोहाला.

प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रापासून किंचित दूर सारले जाते, तर प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन त्याकडे ओढले जाते, हे पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले. मेंदूतून परतणाऱ्या रक्ताने सुमारे एक तृतीयांश प्राणवायू देऊन टाकलेला असल्यामुळे शिरांभोवतीचे क्षेत्र विस्कळीत होते, तेथील संकेत लवकर विरतो आणि या फरकाला संवेदनशील असलेल्या 'एसडब्ल्यूआय' चित्रात शिरा बारीक काळ्या रेषांसारख्या दिसतात. संशोधक ओगावा यांच्या १९९० मधील प्रयोगात उंदरांना शुद्ध प्राणवायू दिला असता अशा रेषा पुसट झाल्या.

रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल, तर प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाणही घटते. शिवाय ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदूकडे अधिक रक्त वाहू लागते, त्यामुळे तीव्र रक्तक्षयात शिरा फिकट दिसू शकतात. उलट तांबड्या पेशी वाजवीपेक्षा वाढल्या, तर सीटी स्कॅनमध्ये मेंदूतील मोठ्या शिरा इतक्या पांढऱ्या दिसतात की त्यात गुठळी असल्याचा भास होतो.

रक्तामुळे होणारे असे बदल आणि मेंदूतील दोष यांतला भेद जाणणे महाराष्ट्रात विशेष अगत्याचे आहे, कारण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्ताच्या घडणीचा परिणाम सहसा दोन्ही बाजूंना सारखा होतो. एकाच बाजूच्या शिरा गडद झाल्या, तर त्या बाजूला रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची शंका घ्यावी लागते. म्हणूनच एमआरआयला जाताना रुग्णाने अलीकडचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल सोबत न्यावा, म्हणजे चित्रातील फिकेपणा रक्ताचा की मेंदूचा, हे तज्ज्ञाला अधिक खात्रीने सांगता येईल.