सिंहगड चढताना मेंदू काय खातो?

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांच्या गप्पांत शरीरशास्त्र भरपूर असतं आणि त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. ‘मेंदू फक्त साखरेवर चालतो’, ‘पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, उद्या जिना उतरवणार नाही’, हे तर पहिल्याच चढाला कानावर पडतं.

साखरेचं विधान अर्धंच खरं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण आपण निवांत असताना शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. चढ खडा होऊन धाप लागली की हिशेब बदलतो. स्नायू ग्लुकोज झपाट्याने तोडू लागतात आणि त्यातून तयार झालेलं लॅक्टेट (गप्पांतलं ‘लॅक्टिक ॲसिड’ ते हेच) रक्तात उतरतं. एरवी लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास असणारं त्याचं प्रमाण दमछाक करणाऱ्या श्रमात 10च्याही पुढे जातं. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं आणि मेंदूही त्यातला आपला वाटा उचलतो. रक्तातून मेंदूत लॅक्टेट नेणारी वाहक प्रथिनं त्यासाठी असतातच. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये सायकल चालवणाऱ्यांचे पेट स्कॅन केले, तेव्हा श्रम वाढले तसं मेंदूने ग्लुकोज घेणं चक्क कमी झालेलं दिसलं.

म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो, ते इंधन आहे. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स 1980च्या दशकापासून हेच सांगत आले आहेत. जिममधल्या गप्पांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचा आळही लॅक्टेटवर येऊ नये. थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं, दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. खरं कारण बहुतेकदा उतारात असतं. गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि मग पाय आखडतात. गडावर मडक्यातलं दही आपण मिटक्या मारत खातो, त्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचाच असतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही!

‘उपाशीपोटी पळालं की मेंदू चरबीवर चालतो’ हा नवा समज. मेंदू चरबी थेट फारशी वापरत नाही. यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं आणि ते मेंदूला चालतात. पण त्यांच्यावर मोठी भिस्त पडायला अनेक दिवसांचा उपास लागतो. एका सकाळच्या रिकाम्या पोटाने ते होत नाही आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या एकादशीने तर नाहीच नाही.

मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘मेंदूला लॅक्टेट मिळेलच’ या भरवशावर राहू नये. साखर फार उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. चढावर घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून हे सहज नजरेतून सुटतं. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा, शंका आली की बसा, तीन चमचे साखर खा आणि सोबत्याला सांगा. गड पुढच्या रविवारीही तिथेच असेल.